आकाशातला टॉवर आणि कामावरची हजेरी

२१ डिसेंबर २०२५ रोजी ग्रामीण रोजगाराच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तीन दिवसांनी, २४ डिसेंबरला सकाळी, श्रीहरिकोटाहून इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने ब्लूबर्ड ब्लॉक-२ हा एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीचा सुमारे ६,१०० किलोचा अमेरिकी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. भारतीय भूमीवरून या रॉकेटने उचललेलं हे तोवरचं सगळ्यात जड ओझं. उपग्रहाचं काम काय, तर खिशातल्या साध्या मोबाइलला थेट आकाशातून रेंज पुरवायची.

बातम्या दोन पानांवर छापल्या गेल्या. पण धडगाव, अक्कलकुवा, भामरागड किंवा मेळघाटातल्या पाड्यावरून पाहिलं तर त्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी गेली काही वर्षं मोबाइलवरून चढते. रेंज नसली की हजेरी अडते, हजेरी अडली की मजुरी अडते. मग आकाशातून रेंज आली की मजुरी वेळेवर मिळेल का? थोडीफार मदत होईल, पण लोक समजतात तेवढी नाही. का, ते नीट कळायला आधी मजुरीची साखळी पाहावी लागेल आणि मग आकाशाकडे.

हजेरी ते हातातली मजुरी

महाराष्ट्राला रोजगार हमी नवी नाही. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने प्रयोग सुरू झाला, १९७२च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा कायदा, म्हणजे ज्याला आपण मनरेगा म्हणतो तो, २००५चा. दोन्ही काळांत हजेरीपट कागदाचाच होता. मुकादम नावं पुकारायचा, मजूर अंगठा किंवा सही करायचा. त्यात खोटी नावं घुसायची हेही खरं.

मे २०२१ मध्ये केंद्राने एनएमएमएस हे मोबाइल ॲप आणलं आणि १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामं वगळता सगळ्या कामांना ते सक्तीचं केलं. ग्रामरोजगार सेवक किंवा मेट, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, कामाच्या जागेवर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो काढतो. त्या फोटोंवर वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात. हजेरीपट ॲपमध्ये आधी उतरवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी नेटवर्क लागतं. फोटो मात्र रेंज नसतानाही काढून ठेवता येतात, रेंजमध्ये आल्यावर ते चढतात. ही सोय अनेक ठिकाणी माहीत नसते, किंवा माहीत असूनही उपयोगी पडत नाही, कारण त्या दिवशीचा हजेरीपटच सकाळी उतरवलेला नसतो. ग्रामपंचायतीच्या ठिकाणी वायफाय असेल तर आदल्या संध्याकाळीच तो उतरवून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. तरीही अडलंच, तर अपवाद म्हणून हाताने हजेरी भरण्याची मंजुरी जिल्हा कार्यक्रम समन्वयक, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकारी, देऊ शकतात.

हजेरी चढली म्हणजे काम झालं असं नाही. आठवडा संपला की हजेरीपट बंद होतो. तांत्रिक सहायक जागेवर येऊन खोदलेल्या मातीची लांबी-रुंदी-खोली मोजतो आणि मोजमाप पुस्तकात लिहितो. महाराष्ट्राचा २०२५-२६चा दर दिवसाला ३१२ रुपये होता, पण तो कामाच्या मापावर मिळतो. माप कमी भरलं तर मजुरीही कमी. त्यानंतर वेतन यादी, मग एफटीओ, म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश, ज्यावर दोन डिजिटल सह्या लागतात. हजेरीपट बंद झाल्यापासून इथपर्यंतचा टप्पा राज्याचा, त्याला ८ दिवस. पुढचा केंद्राचा, त्याला ७ दिवस. १ जानेवारी २०२४ पासून पैसे खाते क्रमांकावर न जाता आधार क्रमांकाला जोडलेल्या खात्यात जातात. मजुराने मध्येच कुठे दुसरं खातं उघडून त्याला आधार जोडलं असेल, तर पैसे त्या शेवटच्या जोडलेल्या खात्यात पडतात. 'मजुरी आलीच नाही' अशा तक्रारींतली बरीच मजुरी खरं तर आलेली असते, मजूर ज्या बँकेत चौकशी करतो तिथे ती नसते एवढंच.

या साखळीत मोबाइलच्या रेंजवर लटकलेल्या कड्या दोनच: पहिली हजेरीची आणि शेवटची, पाड्यावरच्या बँक मित्राकडून रोख काढण्याची. जागेवरचं मोजमाप सोडलं तर मधल्या सगळ्या कड्या तालुक्याच्या कार्यालयात, चांगल्या नेटवर्कमध्ये आहेत. तांत्रिक सहायकाकडे दहा गावं असतील आणि मोजमाप बारा दिवसांनी झालं, तर उपग्रह त्याला काय करणार?

विलंबाची भरपाई कायद्यात आहे. हजेरीपट बंद झाल्यानंतरच्या सोळाव्या दिवसापासून, थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के रोज. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये धरली तर रोजचे ९४ पैसे होतात. महिनाभर उशीर झाला तर २८ रुपये. एवढ्या रकमेचा धाक कुठल्या कार्यालयाला वाटेल, हे वाचकाने ठरवावं.

पाचशे किलोमीटर उंचीवरचा टॉवर

आता आकाश. मोबाइल फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट ताकदीने संदेश सोडतो, म्हणजे अर्ध्या वॉटच्या एलईडी झिरो बल्बपेक्षाही कमी. पाच किलोमीटरवरच्या टॉवरला तो पुरतो. ब्लूबर्ड साधारण ५२० किलोमीटरवर आहे, म्हणजे १०४ पट लांब. लहरींची ताकद अंतराच्या वर्गाने घटते, त्यामुळे उपग्रहापर्यंत पोचणारा आवाज टॉवरच्या तुलनेत सुमारे १०,८०० पट क्षीण असतो. फोन बदलायचा नसेल, तर हा सगळा फरक उपग्रहाच्या कानाने भरून काढावा लागतो. म्हणून हा कान अवाढव्य आहे: अँटेना २२३ चौरस मीटरचा, आपल्या हिशोबात सव्वादोन गुंठे. रॉकेटमध्ये घडी घालून न्यायचा आणि कक्षेत उलगडायचा. याच कंपनीच्या २०२४ साली सोडलेल्या पहिल्या पाच ब्लूबर्डचे अँटेना ६४ चौरस मीटरचे होते.

उपग्रह खाली का आणला, हेही यातच आलं. डीटीएचचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीसोबतच फिरत असल्याने एका जागी टांगल्यासारखे दिसतात. तिथून साध्या फोनचा संदेश आणखी पावणेपाच हजार पट क्षीण होतो, शिवाय बोललेलं पोचून उत्तर परत यायला अर्धा सेकंद जातो. खालच्या कक्षेत हे दोन्ही त्रास मिटतात, पण तिसरा सुरू होतो. ५२० किलोमीटरवर टिकून राहायचं तर सेकंदाला ७.६ किलोमीटर वेगाने धावावं लागतं. पृथ्वीची फेरी ९५ मिनिटांत. असा टॉवर आपल्या डोक्यावर थांबत नाही.

त्याचे तीन परिणाम होतात. एसटी हॉर्न वाजवत जवळ येताना तो चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, तसंच उपग्रहाच्या लहरींचं होतं. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा फरक २१ किलोहर्ट्झपर्यंत जातो. फोर-जीमध्ये शेजारशेजारच्या दोन उपवाहिन्यांत अंतर असतं १५ किलोहर्ट्झ. म्हणजे दुरुस्ती केली नाही तर संदेश सरळ शेजारच्या वाहिनीत घुसतो. साध्या फोनला हे कळत नाही, म्हणून दुरुस्ती उपग्रह आणि जमिनीवरचं केंद्र मिळून करतात. दुसरा परिणाम वेळेचा: फोर-जीची वेळ जुळवण्याची पद्धत १०० किलोमीटरपर्यंतच्या टॉवरसाठी बांधलेली आहे, इथे अंतर पाचपट. तीही दुरुस्ती उपग्रहाच्या बाजूने करावी लागते. अगदी फोनला फसवून, की बाबा, टॉवर जवळच आहे. २०२२ साली आलेल्या मोबाइल मानकांत उपग्रहाशी बोलण्याचे नियम अधिकृतपणे आले. त्या मानकांचे नवे फोन ही दुरुस्ती जीपीएसच्या मदतीने स्वतःच करतात.

तिसरा परिणाम सगळ्यात महत्त्वाचा आणि जाहिरातीत सगळ्यात कमी सांगितला जाणारा. बरोबर डोक्यावरून जाणारा उपग्रह क्षितिजापासून २० अंशांच्या वर असतो तो काळ जेमतेम ५ मिनिटं. मोकळ्या माळावर हे ठीक आहे. पण सातपुड्याच्या अरुंद दरीत दोन्ही बाजूंचे डोंगर ५० अंशांपर्यंत आकाश झाकतात. तिथे तोच उपग्रह दोन मिनिटंही दिसत नाही, आणि त्या फटीत एखादा उपग्रह असण्याची शक्यता माळरानाच्या तुलनेत सातपटीने घटते. म्हणजे जिथे टॉवर पोचत नाही म्हणून उपग्रह हवा, नेमक्या त्याच जागी उपग्रहांची संख्या कितीतरी जास्त लागते. एका ब्लूबर्डने यातलं काहीच होत नाही. अखंड रेंजसाठी उपग्रहांची रांगच्या रांग हवी, एक मावळला की दुसरा उगवला पाहिजे. तोवर रेंज अधूनमधून येईल.

गर्दीचा हिशोबही करून ठेवावा. पंधरा मीटर रुंदीच्या अँटेनातून निघालेला झोत जमिनीवर दहा-बारा किलोमीटर रुंदीचं वर्तुळ उजळतो. कंपनीचा दावा एका वर्तुळात जास्तीत जास्त १२० मेगाबिट वेगाचा आहे. तो एका फोनसाठी नसून त्या वर्तुळातल्या सगळ्यांमध्ये मिळून. वर्तुळात दहा गावं असतील आणि संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघायला बसले, तर कुणालाच काही मिळणार नाही. संदेश, फोन, पैशांचे व्यवहार मात्र आरामात निघतील.

आणखी काही गोष्टी जागेवर गेल्याशिवाय लक्षात येत नाहीत. पत्र्याच्या छपराखाली ही रेंज जवळपास शून्य, सिमेंटच्या स्लॅबखाली अगदी नावाला. सागाच्या किंवा बांबूच्या दाट रानात पानं लहरी शोषतात, ओली पानं जास्त. पावसाची भीती मात्र नको: डीटीएच पावसात जातं ते १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींमुळे, मोबाइलच्या १ गिगाहर्ट्झखालच्या लहरींना पावसाने फारसा फरक पडत नाही. आणि रेंज शोधत बसलेला फोन बॅटरी खातो, तेव्हा दिवसभर कामावर राहणाऱ्या मेटला पॉवर बँक लागणारच.

फोन, डिश की टॉवर

उपग्रहाची रेंज म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. फोनला थेट जोडणी ही पहिली, तिचं वर्णन झालं. दुसरी, गच्चीवर छोटी डिश बसवून तिच्यातून वायफाय. स्टारलिंकची मूळ सेवा ही. तिला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांतल्या शासकीय संस्थांसाठी तिच्याशी इरादापत्र केलं. तिसरी म्हणजे गावात नेहमीचाच छोटा मोबाइल टॉवर उभारायचा आणि त्याला फायबरऐवजी उपग्रहाने मुख्य जाळ्याशी जोडायचं. फोनच्या दृष्टीने तो साधा टॉवरच, घरात आणि पत्र्याखालीही चालणारा.

ग्रामपंचायतीसाठी निवडायचं झालं तर आमचा कौल असा: गाव एका जागी असेल तर तिसरा मार्ग, पाडे विखुरलेले असतील तर ग्रामपंचायत किंवा शाळेवर डिश, आणि जंगलातल्या कामाच्या जागेसाठी थेट फोन. तिन्हींचं काम वेगळं आहे. केंद्राने जुलै २०२२ मध्ये मंजूर केलेल्या फोर-जी योजनेत २४,६८० रेंजविरहित गावं घेतली होती, खर्च २६,३१६ कोटी रुपये. जिथे असा टॉवर येऊ घातला आहे तिथे डिशवर पैसे घालण्याआधी तालुक्याला एकदा विचारून घ्यावं.

डिश लावणारे दोन चुका हमखास करतात. पहिली विजेची. अशी डिश ७५ वॉटच्या आसपास सतत वीज खाते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास भरतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. हाती उरतात ६०० वॉट-तास, म्हणजे आठ तास. इन्व्हर्टरचं नुकसान धरलं तर सातच. भारनियमन दहा तासांचं असेल तर दोन बॅटऱ्या लागतील, हे अंदाजपत्रकात आधी लिहायला हवं. दुसरी चूक आकाशाची: डिश आंब्याच्या झाडाशेजारी लावतात. खालच्या कक्षेतले उपग्रह सगळीकडून फिरत असल्याने एका बाजूचं झाड दर काही मिनिटांनी जोडणी तोडतं. वायफाय आहे पण व्यवहार मध्येच अडकतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

थेट फोनसेवेला आणखी एक अडसर आहे आणि तो कागदावरचा आहे. उपग्रह जर टॉवरच्याच लहरी वापरणार असेल, तर त्या लहरी लिलावात घेतलेल्या कंपनीची संमती हवी, शेजारच्या टॉवरला त्रास होता कामा नये आणि सीमेपलीकडच्या देशातही. शिवाय सुरक्षेच्या अटींनुसार भारतातलं बोलणं भारतातल्याच भूकेंद्रातून जायला हवं. म्हणूनच ब्लूबर्ड भारतातून उडाला म्हणजे भारतात सेवा सुरू झाली असं होत नाही. तो व्यावसायिक करार होता, भाड्याने वाहतूक केल्यासारखा. जून २०२५ मध्ये व्होडाफोन आयडियाने ब्लूबर्डच्या कंपनीशी भागीदारी जाहीर केली आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, बीएसएनएलने व्हायासॅटसोबत उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सेवा जाहीर केली, पण तिला उपग्रहाशी बोलू शकणारा फोन लागतो.

या गडबडीत कुणी परदेशातून थुराया किंवा इरिडियमचा सॅटेलाइट फोन मागवू नये. परवानगीशिवाय असा फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि त्यासाठी अटक होते.

एका एसएमएसमध्ये मावणारी हजेरी

इथे खरा मुद्दा येतो. हजेरीसाठी फोटो का लागतो आणि तो लगेचच का लागतो?

शंभर मजूर कामावर आहेत. प्रत्येक जण हजर की गैरहजर, एवढंच सांगायचं तर एकेक बिट पुरतो. शंभर बिट म्हणजे १३ बाइट. कामाच्या सांकेतांकाला ८, तारीख-वेळेला ४, अक्षांश-रेखांशाला ८. झाले ३३. फोटोच्या जागी त्याचा ठसा पाठवता येतो: फोटोच्या सगळ्या आकड्यांवर गणित करून काढलेली ३२ बाइटची खूण. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. शेवटी मेटच्या फोनची डिजिटल सही, ६४ बाइट. एकूण १२९. एसएमएसची मर्यादा १४० बाइट असते. म्हणजे शंभर मजुरांची, वेळ-ठिकाणासह, सही केलेली हजेरी एका एसएमएसमध्ये मावते. तोच फोटो कितीही दाबून २०० केबीचा केला तरी पाठवायला चौदाशेहून अधिक एसएमएसइतकी जागा घेतो.

दोन मिनिटांच्या उपग्रहाच्या फटीत एक एसएमएस सहज निघतो. फोटो नाही निघत. मग करायचं काय, तर ठसा आत्ता पाठवायचा आणि मूळ फोटो आठवडी बाजाराला आल्यावर चढवायचा. सर्व्हर त्या फोटोचा ठसा पुन्हा काढून आधी आलेल्याशी ताडून पाहील. जुळला तर फोटो ठसा पाठवण्याआधीचा आणि तेव्हापासून न बदललेला. ही काही नवी जादू नाही, बँकांचे आणि सरकारी कागदपत्रांचे डिजिटल सह्यांचे व्यवहार याच तत्त्वावर चालतात. ॲप असं बांधलं तर आज हाताशी असलेली तुटपुंजी संदेशसेवाही पुरेल, ब्लूबर्डच्या रांगेची वाट बघावी लागणार नाही.

यातून लबाडी थांबेल का? नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना परिपत्रक पाठवून सांगितलं की ॲपवर भलतेच फोटो चढत आहेत, फोटोचा फोटो काढला जातो आहे, सकाळच्या आणि दुपारच्या फोटोतली माणसं वेगळी आहेत, तोच मजूर अनेक हजेरीपटांत दिसतो आहे. ठसा एवढंच सांगतो की फोटो नंतर बदलला नाही. फोटोत कोण आहे हे गावच सांगू शकतं. त्यासाठी सामाजिक अंकेक्षण आणि ग्रामसभेत हजेरीपट मोठ्याने वाचणं याला पर्याय सापडलेला नाही, उपग्रहाकडेही नाही.

शेवटच्या कडीचं, बँक मित्राकडून रोख काढण्याचं, मात्र असं लांबवता येत नाही. अंगठा लावला की बँकेच्या सर्व्हरशी तिथल्या तिथे बोलणं व्हावं लागतं. जोडणी मध्येच तुटली तर खात्यातून पैसे वजा होतात आणि हातात येत नाहीत. अशा वेळी पाच दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत, नाहीतर सहाव्या दिवसापासून बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे. मजुरीच्या विलंबाला रोज ९४ पैसे आणि यंत्राच्या चुकीला १०० रुपये. फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्यवहार फसल्याची पावती किंवा संदेश जपून ठेवायचा, अंगठा लगेच दुसऱ्यांदा लावायचा नाही.

नवा कायदा काय बदलतो

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याचं नाव लांबलचक आहे, विकसित भारत गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन, ग्रामीण. वर्तमानपत्रांत त्याला व्हीबी-जी राम जी म्हणतात. तो मनरेगाची जागा घेतो. कुटुंबामागे वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी, मजुरी आठवड्याला आणि उशिरात उशिरा पंधरवड्यात, कामं चार गटांत: पाणी, गावातल्या मूलभूत सोयी, उपजीविकेला पूरक सोयी आणि टोकाच्या हवामानापासून बचाव. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता, हे जुनं सूत्र कायम. बायोमेट्रिक ओळख, नकाशावर आधारित नियोजन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने गैरव्यवहार पकडणं या गोष्टी आता कायद्याच्या मजकुरातच आल्या आहेत. म्हणजे रेंजवरचं अवलंबित्व वाढणार. आठवड्याची मजुरी द्यायची तर हजेरी तीन दिवस फोनमध्ये अडकून चालणार नाही.

पण या कायद्यातला सगळ्यात जड बदल पैशांचा आहे. मनरेगात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा आणि साहित्याचा तीन चतुर्थांश. मजुरी-साहित्याचं प्रमाण ६०:४० धरलं, तर १०० रुपयांच्या कामात केंद्राचे ६० अधिक ३०, म्हणजे ९० रुपये आणि राज्याचे १०. नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्याचा वाटा सरळ ४० टक्के. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना तो १० टक्के आहे. शिवाय केंद्र दरवर्षी प्रत्येक राज्याची रक्कम आधीच ठरवणार, तिच्यावर गेलेला खर्च राज्याने सोसायचा. जुन्या कायद्यात गावातून मागणी वर जायची आणि निदान तत्त्वतः पैसा तिच्यामागे यायचा. आता वरून आलेली रक्कम मागणीला कुंपण घालणार. महाराष्ट्र आपल्या १९७७च्या कायद्यामुळे १०० दिवसांपुढचं काम स्वतःच्या पैशाने देत आलाच आहे, तेव्हा राज्याला हे ओझं अनोळखी नाही, फक्त ते आता पहिल्या दिवसापासून उचलायचं आहे.

दुसरा बदल शेतीच्या हंगामाचा. पेरणी आणि काढणीच्या काळात वर्षातून एकूण ६० दिवस ही कामं बंद ठेवायची, तारखा राज्याने आधी जाहीर करायच्या. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू. वेगवेगळ्या भागांसाठी वेगळ्या तारखा लावण्याची मुभा आहे आणि ती वापरली नाही तर घोळ होईल. गडचिरोलीत भाताची रोवणी जुलैत चालते, त्याच वेळी मराठवाड्यातली सोयाबीनची पेरणी उरकलेली असते आणि मजूर काम शोधत असतो. राज्यभर एकच तारीख लावली की एकाची सोय ती दुसऱ्याची उपासमार. बंद दिवस वजा केले तरी वर्षात ३०५ दिवस उरतात, त्यात १२५ बसतात. पण मुसळधार पावसाच्या आठवड्यांत मातीकाम होत नाही, हा हिशोब वेगळा करावा लागेल.

राज्यांनी आपापली योजना कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत तयार करायची आहे. हजेरी कशी घ्यायची, रेंज नसलेल्या जागी काय ग्राह्य धरायचं, बंद दिवस कुठे कोणते, हे त्या योजनेच्या मसुद्यातच ठरेल. सूचना करायच्या त्या तेव्हाच. 'नेटवर्क नसल्यास हजेरी नंतर भरता येईल' एवढं मोघम वाक्य पुरत नाही. किती तासांत, कुणाच्या सहीने आणि फोटोऐवजी काय, ही तीन उत्तरं लेखी हवीत.

तोवर मजुराने काय करावं? कामाची मागणी तोंडी न करता नमुना ४ भरूनच करावी आणि तारखेसह पोच घ्यावी. बेरोजगार भत्त्याचा दावा याच कागदावर उभा राहतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे निम्मा. जॉबकार्डावर दर आठवड्याला दिवस लिहून घ्यावेत, ग्रामरोजगार सेवकाचा फोन बंद असला तरी पेन चालतं. आपलं आधार सध्या कोणत्या बँकेला जोडलेलं आहे हे बँक मित्राकडे वर्षातून एकदा तपासावं. आणि हजेरी चढली नसेल तर महिना थांबू नये. हजेरीपट बंद होण्याआधी, म्हणजे त्याच आठवड्यात, तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा, कारण महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी तेच आहेत. अर्जात कामाचं नाव, हजेरीपटाचा क्रमांक, तारखा आणि सोबत काम केलेल्या दोघा-तिघांच्या सह्या असाव्यात. पट एकदा बंद झाला की त्यात नाव घुसवणं फार अवघड होऊन बसतं.